सिस्टरचं कार्ड

बाजारचा दिवस होता आणि दवाखान्यात ही रांग... माझ्या खिडकीपुढे नाही, शांतासिस्टरच्या टेबलापुढे!

गोष्ट सत्तरच्या दशकातली. सेलूजवळच्या एका सरकारी दवाखान्यात मी कंपाउंडर होतो. माझी अकरा वर्षांची नोकरी, सिस्टरला येऊन जेमतेम दोन महिने... तरी जो तो तिचंच नाव घ्यायचा. अंगाचा नुसता तिळपापड व्हायचा माझा.

तिची एक सवय होती. पेशंटला म्हणायची, घरातल्या सगळ्या गोळ्या आणून दाखवा. गोळ्या देणारा मी, मग ही कोण चौकशा करणारी?

त्यात माझ्या आईचं हृदय कमजोर झालेलं. पायांवर सूज, दोन पावलं टाकली की दम. परभणीच्या मोठ्या डॉक्टरांनी गोळ्या दिल्या होत्या. त्या संपल्या असतील असं मीच ठरवलं आणि आमच्या दवाखान्यातून नेऊ लागलो... कागदाच्या पुडीत, वर गोळीचं नाव न लिहिता. तेव्हा सगळ्यांना अशाच द्यायचो आम्ही.

आठवड्याभरात आईचं जेवण तुटलं, उलट्या सुरू झाल्या. मी पित्ताचं औषध देत राहिलो. एके सकाळी ती म्हणाली, "भिंत पिवळी दिसायलीय रे... त्या सिस्टरला बलाव."

मुलगा कंपाउंडर, आणि आईला सिस्टर हवी! फार लागलं मनाला. पण गेलो.

"मावशी, सगळ्या गोळ्या काढा बरं," सिस्टर म्हणाली. आईने देव्हाऱ्यामागून परभणीची पुडी काढली आणि उशाखालून माझी. दोन्हीत गोळी एकच, हृदयाची. आई रोज दुप्पट घेत होती... ती गोळी जास्त झाली की उलट्या होतात, सगळं पिवळं दिसतं, आणि शेवटी माणूस जातो.

"दोन्ही कशाला घेतल्यास गं?" मी विचारलं.

"मोठ्या डाक्टरच्या कशा सोडू? अन् लेकाच्या हातच्या तरी कशा सोडू?"

आमच्या डॉक्टरांनी त्याच दिवशी गोळी थांबवली. चार-पाच दिवसांनी आईने भाकरी मागितली.

मग सिस्टरने एक कार्ड केलं. कुठली गोळी, किती, कुणी दिली... परभणीला जा नाहीतर आमच्याकडे या, आधी कार्ड दाखवायचं. हळूहळू आसपासच्या दवाखान्यांतही ते सुरू झालं. आमच्याकडची सगळी कार्डं मी लिहायचो, माझ्या अक्षरात. आणि लोक म्हणायचे सिस्टरचं कार्ड!

जळायचो मी. खोटं कशाला बोलू, आजही थोडा जळतो.

पण पहिलं कार्ड आईच्या नावाचं होतं. त्यानंतर सहा दिवाळ्या तिने माझ्या डोक्याला तेल लावलं... त्या सहाही दिवाळ्या सिस्टरने दिलेल्या.