जायफळाची टोपी

जर्मनीत कुणी पीएचडी झालं की त्याचे सहकारी त्याला टोपी करून देतात. काळ्या पुठ्ठ्याची, चौकोनी माथ्याची. ‘डॉक्टरहूट’ म्हणतात तिला. ती विकत आणायची नाही, हातानं करायची, आणि त्या माणसाचं अख्खं आयुष्य तिच्यावर चिकटवायचं. सायकलवेडा असेल तर चेन, कॉफीबाज असेल तर कप. परीक्षा संपेपर्यंत त्याला पत्ता लागू द्यायचा नाही. ब्राउनश्वाइगच्या आमच्या इन्स्टिट्यूटमध्ये असताना मी अशा कितीतरी टोप्यांना हात लावला, पण जिच्यावरून कडाकडा भांडले ती एकच. दादाची.

दादा इंडोनेशियाचा, बांडुंग शहरातला. माझ्यापेक्षा चांगला पंधरा वर्षांनी मोठा, विमानाच्या पंखांवर काम करणारा, आणि आमच्या खोलीत माझ्यासमोरच्या टेबलावर बसणारा. मी त्याला पहिल्या आठवड्यातच दादा म्हणायला लागले. त्यानं अर्थ विचारून घेतला आणि दुसऱ्या दिवसापासून मला ‘आदिक’ अशी हाक सुरू केली. त्यांच्याकडे धाकट्या भावंडाला तसं म्हणतात. बाकी आम्ही बोलायचो जर्मनमध्येच, तीही दोघांची यथातथाच. पण हाका तेवढ्या घरच्या.

आमची खरी गट्टी जमली ती पुरणपोळीवरून. मी डब्यात नेली होती. पहिला घास घेतल्या घेतल्या दादा थांबला, वास घेतला आणि म्हणाला, “हे आमच्याकडचं आहे!”

“तुमच्याकडचं कसं? जायफळ आहे ते. सासूबाईंनी पुण्याहून पाठवलंय.”

तो इतका हसला, की शेजारच्या खोलीतला लंबू काय झालं म्हणून बघायला आला. लंबू हे आमच्या एका जर्मन सहकाऱ्याला मी मनातल्या मनात ठेवलेलं नाव. दाराच्या चौकटीला त्याचं डोकं लागायचं. त्या दिवशी पोळीचे तीन वाटे झाले आणि दादानं आम्हाला जायफळाची कथा सांगितली. त्यांच्या लहान लहान बेटांवर पिकणाऱ्या त्या फळासाठी डच आले, लवंगेसाठी राहिले, आणि मग कॉफी, साखर, चहा असं करत सगळ्या देशाचीच त्यांनी बाग करून टाकली. बाग त्यांची, पानं खुडणारे हात ह्यांचे.

त्या हातांत दादाच्या वडिलांचेही हात होते. लहानपणी ते डच मालकाच्या मळ्यात चहा खुडायचे, अनवाणी. पुढे देश स्वतंत्र झाला. दादा देशाचा इतिहास सांगायचा तो नेहमी वडिलांवरून. बाबांच्या गावाला रस्ता आला. बाबांना पोटभर भात मिळू लागला. घरात दिवा आला, गावात शाळा आली. चुलत बहिणी शहरात जाऊन परदेशी लोकांचे बूट शिवू लागल्या. “आणि मग,” दादा हात पंखासारखे पसरून म्हणायचा, “आम्ही विमान केलं!”

खरंच केलं होतं. बांडुंगच्या कारखान्यात, त्यांच्याच इंजिनीअरांनी आखलेलं, दोन पंख्यांचं प्रवासी विमान. दादा त्या चमूत होता. बूट शिवणाऱ्यांना विमानाचे डोहाळे कशाला, असं बाहेरचे म्हणायचे. घरचेही काही म्हणायचे, लोकांना आधी साधी बस द्या. दादालाही तेव्हा अधूनमधून तसं वाटायचं, ते त्यानं कधी लपवलं नाही. पण पहिल्या उड्डाणाच्या दिवशी त्याचे वडील गावाहून आले, कुंपणाबाहेर गर्दीत उभे राहिले, नव्या चपला चिखलात खराब होऊ नयेत म्हणून हातात धरून. विमान उडालं तेव्हा त्यांनी त्याच चपला हवेत हलवल्या. हे सांगताना दादाचा चेहरा काय व्हायचा! मला तर प्रत्येक वेळी भरून यायचं.

मग आशियातल्या बाजारांची पडझड झाली. त्यांच्या रुपियाचं पार पाणी झालं. देशाला कर्ज घ्यावं लागलं आणि कर्ज देणाऱ्यांनी बजावलं, विमानाचे चोचले बंद. विमान शेडमध्ये जाऊन बसलं, माणसं घरी. दादा शिष्यवृत्ती मिळवून, बायकोमुलांना मागं ठेवून इथं आला. दर रविवारी वडिलांना फोन करायचा. वडील दर रविवारी विचारायचे, “विमानाचं काय झालं?” आणि दादा सांगायचा, “बाबा, इथं आज थंडी फार आहे.” उन्हाळ्यातसुद्धा! हे तो गंमत म्हणून सांगायचा, पण हसायचा फक्त तोंडानं.

म्हणून टोपीची वेळ आली तेव्हा लंबूच्या हातात विमान बघून माझं डोकंच फिरलं. विंड टनेलच्या वाऱ्यात तपासायची मॉडेलं करतो त्या फोममधून त्यानं ते कोरायला घेतलं होतं. शेपटी झाली होती, पंख झाले होते, पंखांखाली दोन इंजिनं झाली होती.

“अरे, तुला काही काळीजबिळीज आहे की नाही? ते विमान बंद पडलंय!”

“पण त्यानं ते केलंय ना?”

“गेनाऊ! अगदी बरोबर! म्हणूनच. आनंदाच्या दिवशी दुखऱ्या नसेवर बोट कशाला ठेवायचं?”

लंबू बिचारा माझ्या आवाजालाच घाबरला असावा. त्यानं विमान तसंच अर्धवट ड्रॉवरमध्ये टाकलं. मी टोपी घेऊन विजयी मुद्रेनं घरी आले, डब्यातली जायफळं काढली, टोपीच्या चारही कोपऱ्यांवर चिकटवली आणि कडेनं लवंगांची झालर लावली. सासूबाईंना फोनवर सांगितलं तर म्हणाल्या, “अगं, चांगली निवडून पाठवली होती मी! टोपीला कुणी लावतं का?” मी म्हटलं, “अहो आई, दादाच्या देशाची आहेत ती, त्याच्या डोक्यावर शोभतील.” किती खूश होते मी स्वतःवर!

परीक्षा छान झाली. लंबूनं टोपी दादाच्या डोक्यावर ठेवली, टाळ्या झाल्या. दादा दारू घेत नाही म्हणून सगळ्यांनी सफरचंदाच्या रसाचे ग्लास उंचावले. दादानं टोपी काढून पाहिली, सगळ्या बाजूंनी फिरवून पाहिली, आणि हसला. खूप हसला. एवढ्या वर्षांत मला एक कळलं होतं. दादाला वाईट वाटलं की तो जास्त हसतो.

मी त्याला इन्स्टिट्यूटच्या स्वयंपाकघरात गाठलं. “दादा, काय झालं? खरं सांग.”

“छान आहे गं. वाससुद्धा छान येतोय.”

“दादा!”

त्यानं टोपी टेबलावर ठेवली. “आदिक, तीनशे वर्षं लोकांनी आमच्याकडे बघितलं की त्यांना हेच दिसलं. जायफळ आणि लवंग. म्हणून तर आम्ही विमान केलं.”

मी एक जायफळ नखानं उचकटायला गेले. पण चांगलंच चिकटलं होतं ते.

“मला वाटलं, तुला त्रास होईल,” मी कसंबसं म्हटलं. “ते पडलं म्हणून.”

“पडलं?” पहिल्यांदाच त्याचा आवाज चढला. “कोण म्हणालं पडलं? ते उडालं होतं! पडला तो रुपिया. विमान नाही पडलं.”

मी तशीच पळत सुटले. लंबूला बखोटीला धरून ड्रॉवरपाशी नेलं. एवढा मोठा माणूस, पण ‘मी सांगत होतो’ असं एका शब्दानं म्हणाला नाही. ग्लू गन तेवढी बरोबर घेतली त्यानं. टोपीच्या बरोबर मधोमध, चारही जायफळांपेक्षा उंच आम्ही विमान बसवलं. दादा बघत राहिला. मग म्हणाला, “पंखे कुठायत?”

पंखे नव्हतेच. माझ्या आरडाओरड्यानं काम तिथंच थांबलं होतं ना!

दादानं झालरीतल्या दोन लवंगा उपटल्या आणि फोमच्या इंजिनांत एकेक खुपसली, पाकळ्यांची बाजू पुढे करून. चार चार पात्यांचे पंखे! लंबूनं बोटानं एक पंखा हळूच फिरवून पाहिला. मी सरळ रडायला लागले. दादानं टोपी घातली, आणि लंबूनं त्याचा फोटो काढला.

तो फोटो दादानं ईमेलनं बायकोला पाठवला आणि तिनं छापून सासऱ्यांना नेऊन दिला. रविवारी दादा आमच्याकडे जेवायला होता. माझ्याच फोनवरून त्यानं गावी फोन लावला. पलीकडून म्हाताऱ्याचा मोठा आवाज येत होता, दादा मधे मधे थोडंसं बोलत होता, आणि मग बराच वेळ नुसता मान हलवत राहिला. मी पोळ्या तशाच टाकून समोर येऊन बसले.

फोन ठेवल्यावर मी विचारलं, “काय म्हणाले?”

“म्हणाले, डोक्यावर काय आहे? म्हटलं, विमान. म्हणाले, कुणाचं?”

“मग?”

“म्हटलं, आपलं. आपलंच ते, बाबा.”

बाहेर केव्हाचं बर्फ पडत होतं. पण त्या दिवशी दादानं वडिलांजवळ थंडीचं नावसुद्धा काढलं नव्हतं.