कॅसेटीतला म्हस्कू

काटेवाडीच्या म्हस्कूला काय काय वाजवता येतं, असं लोक इचारायचे. मी म्हणायचो, काय येत न्हाय ते इचारा, लवकर उरकंल. मी कुंडलिक, बारामतीच्या बँजो पार्टीतला ढोलकीवाला. त्याच्या खांद्याला खांदा लावून वाजवलंय, म्हणून माझ्या सांगण्यात तिखटमीठ न्हाय. राग मात्र हाय, आन त्यो मी लपवणार न्हाय.

म्हस्कू धनगराचा. त्याचा बाप महिपती मेंढरं राखायचा आन बिरोबाच्या जत्रंत ढोल वाजवायचा. पोरगं पाय टाकायला शिकलं तेच ढोलाच्या ठेक्यावर. पुढं त्यांनी मेंढरं इकली, थोडा ऊस केला, पण ह्याचं ध्यान शेतात कधी रमलंच न्हाय. बारामतीत यष्टी स्टँडाच्या मागं आबासाहेबांच्या बँजो पार्टीचं दुकान व्हतं. म्हस्कू तिथं वाद्यं पुसायला म्हणून शिरला. ताशावाला आजारी पडला, की ताशा ह्याच्याकडं. क्लॅरनेटवाला सासरवाडीला गेला, की क्लॅरनेट ह्याच्या तोंडाला. असं करत बँजो, कॅसिओ, सगळं गड्यानं हाताखालनं घातलं.

एक्याण्णव-ब्याण्णवची गोष्ट. कॉलेजच्या होस्टेलातल्या एका पोरानं त्याला रॉकची इंग्रजी कॅसेट ऐकवली. शब्द एक कळला न्हाय, पण गिटारीचा तो आरडाओरडा ऐकून म्हणतो कसा, "कुंडलिका, आरं ह्ये तर आपल्या ढोलाच्या भावकीतलं हाय रं!" लगोलग पुण्याला जाऊन जुनी इलेक्ट्रिक गिटार घेऊन आला. त्याची बायको सिंधुबाई, तिनं ती गिटार खालीवर बघितली आन म्हणाली, "बरंय, चारा तरी लागत न्हाय हिला."

खाली बिरोबाचा ठेका आन वर रॉकची गिटार! पणदऱ्यापासनं इंदापूरपर्यंत पोरं येडी झाली व्हती. लग्नाची सुपारी द्यायला आलेला माणूस बसायच्या आधी इचारायचा, "रॉकवाला म्हस्कू हाय न्हवं?" म्हस्कूनं चार वर्सांत विटांचं घर बांधलं, मोटरसायकल घेतली, सिंधुवहिनीच्या गळ्यात बोरमाळ घातली. माझ्या पोटात दुखायचं, खोटं कशाला बोलू? पण वाजवायला लागला की सगळं इसरायला व्हायचं.

पंचाण्णवात आबासाहेबांच्या डोक्यात कॅसेट काढायचं आलं. पुण्याच्या स्टुडिओत एकेक वाद्य येगळं भरत्यात आन मग एकावर एक चढवत्यात, असं त्यांना कळलं. मग म्हणले, "म्हस्कू, येवढी माणसं कशाला न्यायची पुण्याला? सगळं तूच वाजव की." झालं! गडी असला फुगला, काय इचारू नका. मी म्हणलं, "बाबा, ढोलकी तरी माझी ठिव." तर मलाच वर, "आरं, तुझ्याच हातानं वाजवतो, तू काळजी का करतुस?" आन खरंच सांगतो, कॅसेटीत माझ्या हाताची लकब हुबेहूब व्हती. शिव्या घालाव्या का पाठ थोपटावी, मला कळंना. सात वाद्यं, सातही म्हस्कूच. घरचं कार्य म्हणून त्यानं बिदागीसुदीक मागितली न्हाय. आपल्याच पायावर धोंडा पाडून घेताना नारळ फोडणारा ह्यो पहिलाच.

कॅसेट गाजली. फुडच्या लग्नसराईला आबासाहेबांनी ट्रॉलीवर मोठमोठं स्पीकर चढवलं, मधी कॅसेट वाजवायचा डेक ठिवला आन पार्टीला सांगितलं, "आता तुमी घरी बसा." मला ट्रॅक्टर चालवता येतो म्हणून मी तेवढा राहिलो. ढोलकीवाल्याच्या हातात स्टेअरिंग, कपाळ माझं! म्हस्कूलाही ठिवलं, पण कशाला, ते ऐका. नुसता डेक दिसला की पाव्हणं सुपारी कमी करत्यात. वाजवणारा दिसायला लागतो. म्हणून आबासाहेब म्हणले, "गिटार गळ्यात घालून ट्रॉलीवर हुबं ऱ्हायचं. स्पीकरला जोडायची पिन काढून ठिवायची. बोटं तेवढी हलवायची."

दोन लग्नसराया म्हस्कू आपल्याच वाजवण्याची सोंगं काढत हुबा राहिला. पगार निम्म्यावर आला, मोटरसायकल गेली. त्याचं काय बी वाटून घेतलं न्हाय त्यानं. दर लग्नात एकच म्हणायचा, "आबासाहेब, एक गाणं हातानं वाजवू द्या." ते म्हणायचे, बघू. घरी मात्र गिटारीला शिवत न्हवता. सिंधुवहिनी मला म्हणाली, "भावजी, कायतरी बोला त्यांच्याशी. माणूस घरात असून नसल्यावानी झालाय." मी बोललो. तर म्हस्कू म्हणतो, "कुंडलिका, लोकांना एकदा, फकस्त एकदा मला हातानं वाजवताना ऐकू दे. तेच आबासाहेबाला सांगतील, डेक फेकून दे म्हणून." येवढ्या एका आशेवर गडी उन्हातान्हात हुबा व्हता.

आन ते एकदा आलं. इंदापुरात एका लग्नाचा परण्या निघाला व्हता. नवरा घोड्यावर, मारुतीच्या दर्शनाला चाललेला, फुडं पोरं नाचायलेली, टळटळीत ऊन. भर पेठंत कॅसेट डेकमधी गुतली. आबासाहेब फित ओढत बसले. पोरं थांबली, घोडं थांबलं, अक्षतांची येळ जवळ आलेली. म्हस्कूनं माझ्याकडं बघितलं आन गिटारीत पिन घातली.

मी ट्रॅक्टरवरनं उडी मारली. ढोलकी न्हवती, मग ट्रॉलीचा लोखंडी फाळकाच बडवायला घेतला. म्हस्कूनं तार छेडली. काय वाजवलं, राव! मला वाटलं, जिंकला, आता आपण सगळी परत वाजवायला लागणार.

पोरं थोडी हालली आन मग हुबीच राहिली. "ढोल कुठाय?" एक म्हणला. "ताशा बंद का पडला?" दुसरा. म्हस्कू घामाघूम. खालच्या तारांवर ढोल काढतोय, वरच्या तारांवर क्लॅरनेट काढतोय, पण माणसाला हात दोन. कॅसेटीत त्यो सात जण व्हता आन हितं एकटा. नवऱ्याचा मामा फुडं आला, हात जोडून म्हणला, "ओ पाव्हणं, जमत न्हाय तर ऱ्हाऊ द्या. त्या कॅसेटीतल्या गड्याचा नाद तुमी करू नका."

माझं टकुरं सटकलं. "आरं, त्यो गडी ह्योच हाय!" मी वरडलो. सगळी हसली. "व्हय व्हय," मामा म्हणला, "आन मी जिल्ह्याचा कलेक्टर." आबासाहेबांनी एक शब्द बोलायचा व्हता. त्यांनी खिशातनं त्याच गाण्यांची दुसरी कॅसेट काढली आन डेकात घातली. पोरांनी शिट्ट्या मारल्या, घोडं चालायला लागलं. म्हस्कूनं पिन आपल्या हातानं काढली.

मारुतीच्या देवळापाशी नवरा आत गेला तवा मी ट्रॉलीवर चढलो. म्हणलं, "म्हस्कू, त्या मामाची गचांडी धरून आणतो, त्याच्यासमोर..."

"नगं," त्यो म्हणला. "खोटं काय बोलला त्यो? मी बी ऐकत व्हतो की आता. त्यो कॅसेटीतला लई चांगला वाजवतूय, कुंडलिका. माझ्यानं आता त्याच्यासारखं व्हायचं न्हाय."

नवरा देवळातनं बाहेर आला. आबासाहेबांनी आवाज वाढवला आन म्हस्कू हुबा राहून बोटं हलवायला लागला.