शाकाहारी मासे

माशांच्या दुकानदारानं अक्कांना फसवलं. हे मी पहिल्याच ओळीत लिहून ठेवते, कारण पुढं माझ्याबद्दलही वाईट वाचाल, आणि ते वाचता वाचता त्याला सोडून द्याल.

“बघून गं, बघून,” असं अक्का दिवसातून शंभर वेळा म्हणायच्या. कोणी पाणी ओतत असलं, गॅस पेटवत असलं, चप्पल काढून उंबऱ्यावर पाय टाकत असलं, तरी हेच. पायाखाली मुंगी असेल, शेगडीत झुरळ असेल, पाण्यात काय असेल सांगता येत नाही. त्यांच्या नळाला दुहेरी पांढरं फडकं बांधलेलं असायचं. पाणी गाळून झालं की ते फडकं उलटं करून त्यावरून हलकेच पाणी सोडायचं आणि ते मागच्या आडात घालायचं, म्हणजे फडक्यात अडकलेला जीव परत पाण्यात जातो. सांगलीकडच्या जैन घरांतून तुम्हीही हे पाहिलं असेल. पण इतरांच्या घरी ती सवय होती. अक्का ते करताना श्वास धरायच्या.

माझी त्यांची ओळख भांड्यांमुळं. मी मूळची रहिमतपूरची. जुने कपडे घेऊन त्यावर स्टीलची भांडी देत दारोदार फिरायचे. डोक्यावर पाटी, तोंडात घासाघीस. दोन साड्यांवर डबा मागणाऱ्या बाईला मी वाटीवर आणायची. अक्का मात्र घासाघीस करायच्याच नाहीत. साड्यांचा गठ्ठा पुढं ठेवून म्हणायच्या, “तुला काय वाटतं ते दे.” पहिल्या वेळी मी त्यांना पोचा आलेलं पातेलं दिलं. त्यांनी ते उन्हात धरलं, पोच्यावरून बोट फिरवलं आणि ठेवून घेतलं. त्या दिवसापासून त्यांच्या दारात मी कधी खोटा माल काढला नाही. आज मी त्यांच्याच इमारतीत तळमजल्यावर भांड्यांचं दुकान थाटून बसले आहे, आणि हे माझं मी उभं केलंय. फुकट कुणी काही दिलेलं नाही. म्हणून मला राग लवकर येतो.

अण्णांना, म्हणजे अक्कांच्या यजमानांना, अर्धांगवायूचा झटका आला. वाचा गेली, उजवी बाजू गेली. उरला डावा हात आणि डोळे. दिवसभर भिंतीकडं बघत पडायचे. पुण्याच्या मुलानं फोनवर सांगितलं, समोर माशांची टाकी ठेवा, त्यांचा जीव रमेल. अक्का खाली माझ्याकडं आल्या. म्हणाल्या, “तू चल माझ्यासंगं. मला बोलायला जमत न्हाई.”

दुकानात अक्कांनी एकच गोष्ट विचारली. काच, दिवा, पंप कशाबद्दल नाही. विचारलं, “हे एकमेकांस्नी खात न्हाईत न्हवं?”

“छ्या, काकू. शाकाहारी मासे हायत हे. गोळ्या खात्यात आन् गप फिरत्यात. घरच्यासारखं.”

मी तिथंच होते. झाकण आणि पंप त्याच किमतीत बसवून घेण्यासाठी त्याच्याशी हुज्जत घालत होते. त्याचं वाक्य माझ्या कानावर पडलं आणि मी सोडून दिलं. विकणारा माणूस असं बोलतोच. मीही बोलते. पातेलं दहा वर्षं झिजत नाही म्हणून सांगते.

टाकी आली. गप्पी, दोन काळ्या मॉली आणि पतंगासारखे उभे एंजल. अण्णांचे डोळे भिंतीवरून सुटले आणि टाकीत गेले. अक्का मला म्हणाल्या, ह्यांनी आज मान वळवली. त्या आठवड्यात मी अक्कांना पहिल्यांदा दुपारी आडवं झालेलं पाहिलं.

मग अण्णा पलंग बडवायला लागले. डाव्या हातानं, पलंगाच्या लोखंडी दांडीवर. दुखतं म्हणून तेल लावलं, डॉक्टर आले, गोळी बदलली. पलंग खिडकीकडं फिरवला तर जास्तच. परत टाकीकडं केला तरी तेच. खाली दुकानात मला तो आवाज ऐकू यायचा. मुलगा फोनवर म्हणाला, आता डोक्यावरही परिणाम झाला असेल. दुसऱ्या दिवशी अक्कांचे डोळे सुजलेले होते.

पंधराएक दिवसांनी टाकीचं पाणी बदलायचं होतं. मी नळी लावून बादलीत पाणी काढलं आणि मोरीकडं निघाले. अक्का म्हणाल्या, “थांब, गाळून वत.” मला हसू आलं. माशांच्या घाणीचं पाणी, त्यात काय गाळायचं. त्यांनी दुसऱ्या बादलीवर फडकं धरलं, मी ओतलं. त्यांनी फडकं उजेडाकडं नेलं.

“अगं,” त्या म्हणाल्या. “डोळे हायत ह्यांस्नी.”

पापणीच्या केसाएवढी पिल्लं होती. मागं अंग जवळजवळ नाहीच, नुसते दोन काळे ठिपके. मोजली तर अकरा. फडकं वाटीभर पाण्यात उलटं केलं तशी ती हलली. मी लगेच वाटी उचलून टाकीत टाकायला निघाले. तेवढ्यात पलंगाची दांडी वाजली, अशी की दोघी दचकलो. अण्णा टाकीकडं नाही, माझ्या हाताकडं बघत होते.

तेव्हा कळलं. मॉलीनं पिल्लं घातली होती आणि एंजल ती खात होते. अण्णा पंधरा दिवस हे समोर बघत होते. सांगता येत नव्हतं, उठता येत नव्हतं, आणि आम्ही त्यांना तेल लावत होतो.

अक्का त्यांच्या पायाशी जमिनीवर बसल्या. मग म्हणाल्या, ही पिल्लं कोणाच्या तोंडात मावणार नाहीत एवढी होईपर्यंत मी एकच वेळ जेवणार. मी म्हणाले, अक्का, सत्तरी उलटली तुमची. त्यांनी ऐकलं नाही. त्यांच्या घरात त्यांच्या समोर जीव खाल्ला जात होता, आणि खाणारा त्यांनी स्वतः विकत आणून ठेवला होता. एवढंच त्यांना दिसत होतं.

मी माझ्या दुकानातून लोणच्याची मोठी काचेची बरणी वर नेली. स्टीलची नको, अण्णांना दिसायला हवं. पिल्लं तिच्यात सोडली, बरणी पलंगाशेजारी स्टुलावर ठेवली, आणि दांडीचा आवाज थांबला.

माशांच्या दुकानात आम्ही परत गेलो. त्यानं आधी हसून घेतलं. म्हणाला, “काकू, मासा त्यो मासाच. पिल्लं खानारच की. त्येवढाच त्यास्नी खाऊ.” वर सल्ला दिला, पिल्लं लवकर मोठी व्हायची असतील तर उकडलेल्या अंड्याचा पिवळा भाग घाला, टाचणीच्या डोक्याएवढा. अंडं हा शब्द ऐकताच अक्का पायरी उतरून रस्त्यावर जाऊन उभ्या राहिल्या.

मी मात्र त्याला सोडलं नाही. शाकाहारी म्हणून सांगितलं होतंस की नाही, असं विचारलं. गिऱ्हाइकं थांबली, बघायला लागली. तो म्हणाला, “मावशी, तुमी पन धंदाच करताय न्हवं? सगळं खरं सांगून इकताय व्हय भांडी?”

मी पायरी उतरून अक्कांशेजारी जाऊन उभी राहिले. आजवर कुठला व्यवहार मी असा अर्ध्यात सोडला नव्हता.

अक्का पिल्लांना माशांच्या गोळ्या बोटांत चोळून पूड करून घालायच्या, कधी उकडलेला पालक कुसकरून. आठवडा गेला तरी ती तेवढीच. अक्का मात्र उतरत चालल्या. बांगड्या कोपरापर्यंत सरकायला लागल्या. दुपारी जिन्यात कठडा धरून उभ्या राहायच्या आणि मला बघितलं की पुढं चालायच्या.

मी हिशेब केला. पिल्लं जितकी लवकर मोठी तितका उपास कमी. माझ्या घरी अंडं उकडलं, पिवळा भाग ताटलीत पसरून उन्हात वाळवला, चुरला. दिसायला अगदी फुटाण्याच्या डाळीचं पीठ. तेच सांगून डबी वर नेली. अक्कांनी ती स्वयंपाकघराच्या फळीवर ठेवली, मिठाच्या शेजारी. मी ती तिथून उचलली नाही.

सुरुवातीला घाईत जास्त पडलं. पाणी गढूळ झालं आणि तीन पिल्लं मेली. अक्का म्हणाल्या, वास कसला येतो गं. मी म्हणाले, फुटाण्याचं पीठ आंबतं. ती तीन आपल्या हलगर्जीपणानं गेली म्हणून त्या दिवशी त्यांनी ते एक जेवणही सोडलं. मी तेही बघितलं, आणि तरी बोलले नाही.

उरलेली आठ मात्र वाढली. दीड महिन्यात त्यांना शेपट्या फुटल्या, रंग दिसायला लागला. अण्णा त्यांच्या मागं नजर फिरवत दिवस काढायचे. दोन महिने होत आले तेव्हा अक्कांनी बरणी टाकीला लावून धरली आणि काचेतून एंजलचं तोंड आणि पिल्लांची अंगं कितीतरी वेळ पडताळली. मग मला वर बोलावलं. म्हणाल्या, आज उपास सोडते.

ताट वाढलं होतं. भाकरी, आमटी, तूप. बसण्याआधी त्या उठल्या आणि फळीवरून माझी डबी काढली. म्हणाल्या, ज्यानं ती जगली त्याचा आधी एक कण घेते, मग जेवते. चिमूट उचलली.

“अक्का, टाका ते,” मी म्हणाले. “अंडं हाय.”

चिमूट तशीच हवेत राहिली. मग त्यांनी ती डबीत परत सोडली, झाकण लावलं, डबी माझ्या हातात दिली आणि हात धुवायला गेल्या. परत आल्या तेव्हा विचारलं, “कवापासनं?”

“पयल्यापासनं.”

“मला इचारायचं हुतंस गं.”

“तुमी न्हाई म्हनला असता.”

“व्हय. न्हाईच म्हनले असते.”

ओरडल्या असत्या तर मीही ओरडले असते, मला ते येतं. त्यांनी ताट झाकलं. फळी पुसली, मीठ काढून टाकलं, परत पुसली. मग म्हणाल्या, नेम काही पुरा झाला नाही, तेवढेच दिवस परत धरायचे.

मी आयुष्यभर जे केलं तेच केलं. म्हणाले, अक्का, निम्मे दिवस करा. पंधरा करा. चूक माझी आहे, मी करते उपास, तुम्ही जेवा. त्या जराशा हसल्या.

“ह्यात कमी-जास्त हुत न्हाई गं.”

विसाव्या दिवशी त्या मोरीत पडल्या. मुलगा गाडी घेऊन आला आणि दोघांना पुण्याला घेऊन गेला. अण्णांना उतरवताना त्यांचा डावा हात जिन्याचा कठडा धरत होता, तो सोडवावा लागला. बरणी मुलानं माझ्या दुकानात आणून ठेवली, टाकी भंगारात दिली, टाकीतले मासे कोणाला तरी देऊन टाकले. दीड महिन्यानं त्याचा फोन आला, अक्का गेल्या. कशानं गेल्या विचारलं तर म्हणाला, अशक्तपणा. तिकडंही एकच वेळ जेवायच्या, कोणाचं ऐकायच्या नाहीत.

वरच्या खोलीला कुलूप आहे. आठ मासे माझ्या गल्ल्याशेजारी फिरत असतात. गिऱ्हाइकं विचारतात, काय खातात हे. मी खरं सांगते.

दुकानदाराला सांगायला गेले होते की अक्का गेल्या. तो म्हणाला, “वाईट झालं, मावशी. पन जेवायचं न्हाई त्ये त्यांनीच ठरवलं, अंडं तुमी घातलं. माझं काय त्यात?”

माझं जे होतं ते मी वर लिहून दिलंय, एक ओळही मागं ठेवली नाही. ज्याला मला दोष द्यायचा त्यानं द्यावा, मी इथंच बसलेली असते. पण एका बाईनं त्याच्या दुकानात येऊन एकच प्रश्न विचारला होता. त्याला उत्तर माहीत होतं. ‘खातात’ एवढं म्हणाला असता तर त्याची एक टाकी विकली गेली नसती. त्यानं मला नाही, पुण्याला जाऊन अण्णांसमोर उभं राहून सांगावं, ते का म्हणाला नाही. त्यांना बोलता येत नाही. ऐकू मात्र सगळं येतं.