तोंडी हरकत

आमच्या गावात घर बांधणार असल्याचं कोणी कोणाला सांगत नाही. जागेवर घराच्या उंचीचे खांब रोवायचे आणि त्यांच्या टोकाला छपराचा उतार दाखवणाऱ्या तिरक्या पट्ट्या ठोकायच्या, एवढं पुरतं. चौदा दिवस सगळं गाव ते न बांधलेलं घर येता-जाता बघतं. ज्याला खटकेल त्याने ग्रामकार्यालयात लेखी हरकत द्यायची. तोंडी चालत नाही. हे अर्ज आणि हरकती घेण्याचं काम अडतीस वर्षं माझ्याकडे आहे. वाणिज्य शिकून इथे लागलो तो इथेच राहिलो. येत्या मार्चमध्ये निवृत्त होईन.

त्यामुळे हान्सयाकोब फ्रेनर गेल्या नोव्हेंबरात माझ्या खिडकीशी येऊन उभा राहिला तेव्हा मी पेन खाली ठेवलं. याकोब माझ्या वर्गातला. पण कार्यालयात तो कर भरण्यापलीकडे कधी आला नव्हता.

"एर्विन, चांगला आर्किटेक्ट कोण आहे?"

"कशाला?"

"लोक कशाला विचारतात?"

त्याने टोपी काढली, पुन्हा घातली आणि म्हणाला, "रेगुला परत आली तर राहील कुठे? माझ्या घरात तिघं-चौघं मावत नाहीत. शेजारचं कुरण मोकळंच पडलंय."

रेगुला त्याची एकुलती मुलगी. वीस वर्षांपूर्वी देशाच्या दुसऱ्या टोकाला, लोझानला गेली, तिकडच्याच फ्रेंच बोलणाऱ्या माणसाशी लग्न केलं, दोन मुलं झाली. याकोबने चौतीस वर्षं पिवळी टपाल-बस चालवली. त्याच्या डोक्यावर पाटी होती, 'चालकाशी बोलू नये.' लोकांनी ती पाळली आणि त्यानेही पाळली. घरातलं बोलणं बायकोकडे, एल्सबेथकडे होतं. रविवारी रेगुलाला फोन ती लावायची आणि शेवटी "बाबा पण बरे आहेत" म्हणून ठेवायची. एल्सबेथ जाऊन चार वर्षं झाली. आता फोन रेगुला लावते. हवेबद्दल बोलणं होतं.

"ती येणार म्हणालीये का?" मी विचारलं.

"म्हणायला कशाला पाहिजे? घर असलं की येतील."

मी त्याला सेराइना काडुफचं नाव दिलं. चाळिशीची बाई, डोंगरापलीकडच्या ग्राउब्युंडेन प्रांतातली, कामाला चोख. तिचे अर्ज मला कधी परत पाठवावे लागले नव्हते.

पहिल्या भेटीला याकोबने मला बोलावून घेतलं. "कागदाचं तुला कळतं," म्हणाला. सेराइनाने नकाशाचा कागद काढलाच नाही. तिने विचारलं, "या घरात सकाळी सगळ्यात आधी कोण उठेल?"

"रेगुला," याकोब लगेच म्हणाला. "उठली की जिन्यात येऊन बसते. तिथे खिडकी हवी. तिला बस येताना दिसली पाहिजे."

"रेगुला म्हणजे तुमची नात?"

"मुलगी."

"किती वर्षांची?"

याकोबला हिशोब करावा लागला. "त्रेचाळीस."

सेराइनाने माझ्याकडे पाहिलं. मी खिडकीबाहेर पाहिलं.

"फ्रेनर, राग मानू नका," ती म्हणाली, "पण मी न भेटलेल्या माणसांचं घर काढत नाही. त्यांना एकदा बोलवा. नाहीतर मी फोन करते."

"फोन नको. ती कामात असते. ऑक्टोबरच्या सुट्टीत येतेच." मग थोड्या वेळाने, "तुम्ही काढा तर खरं. खांब उभे राहिले की तिला कळेल. तीही याच गावची आहे."

सेराइना काढायला लागली. दर गुरुवारी दोन वीसच्या बसने ती यायची. याकोब थांब्यावर तिला घ्यायला जायचा, दोन मिनिटांवरच्या घरी नेण्यासाठी. बुधवारी तो बेकरीतून बदामाचा केक आणून ठेवायचा. एल्सबेथ गेल्यापासून त्याच्याकडे केक कोणी पाहिला नव्हता. पहिला नकाशा चांगला होता, दुसरा त्याहून चांगला. त्यानंतर याकोबच्या दुरुस्त्या सुरू झाल्या. जिना डावीकडे घ्या. पुढच्या गुरुवारी, उजवीकडेच बरा होता. सहाव्या नकाशात न्हाणीघराचं दार दहा सेंटिमीटर सरकलं होतं, एवढंच.

"अहो, हे दार तिथून इथे आणलं, मागच्या आठवड्यात इथून तिथे नेलं होतं," सेराइना म्हणाली. "दाराला चक्कर येईल."

याकोब हसला. मी त्याला मोठ्याने हसताना बऱ्याच वर्षांनी ऐकत होतो. त्याने तिच्या ताटलीत आणखी एक तुकडा वाढला.

मे महिन्यात तिने सातव्या नकाशाची गुंडाळी केली आणि म्हणाली, "आता पुरे. घर तयार आहे. केकसाठी मी अशीही येईन." पण ती कामाची बाई, पुढे दुसरी घरं होती. उन्हाळ्यात ती दोनदाच आली.

सप्टेंबरच्या सुरुवातीला खांब उभे राहिले. मी नियमाप्रमाणे मोजून आलो. सगळे बरोबर होते. याकोबने आतमध्ये, जिथे स्वयंपाकघर होणार होतं, तिथे एक बाक नेऊन ठेवला. संध्याकाळी कामावरून परतताना तो मला तिथे बसलेला दिसायचा, भिंती नसलेल्या घरात, दाराच्या जागेकडे तोंड करून. एकदा मी गवतातून सरळ त्याच्याकडे चालत गेलो, तर म्हणाला, "भिंतीतून कुठे येतोस लेका? दार तिकडे आहे." मी वळसा घालून गेलो.

चौदा दिवस झाले. एकही हरकत आली नाही. हे सांगायला गेलो तर तो खूश होण्याऐवजी विचारात पडला.

"कोणाचीच नाही?"

"कोणाचीच नाही. चांगलंच आहे ना."

"म्हणजे कोणी बघितलंच नसेल," तो म्हणाला.

ऑक्टोबरच्या दुसऱ्या रविवारी रेगुला आली. नवऱ्याला काम होतं, ती दोन मुलांना घेऊन आली. याकोबने मला कॉफीला बोलावलं आणि कॉफी बाकावर मांडली. ऊन होतं, समोर सेंटिसचा डोंगर स्वच्छ दिसत होता. मुलं आपसात फ्रेंचमध्ये ओरडत खांबांमधून पळत होती. धाकटा जिथे धापा टाकत आडवा झाला तिथे त्याची खोली होती.

रेगुलाने कप हातात घेतला आणि मान वर करून पट्ट्यांकडे पाहिलं. याकोबची मान तिच्याकडे वळली.

"कुरण विकलंस होय बाबा? बरं केलंस. एवढं गवत तू किती दिवस कापणार! कोणी घेतलं?"

याकोबने तिच्या कपात आणखी कॉफी ओतली.

"पण एवढं उंच? बघ ना, सेंटिस सगळा झाकणार. आईच्या खिडकीतून तोच तर दिसतो. आणि तू गप्प बसलास? हरकत घ्यायची ना!"

"मुदत संपली," याकोब म्हणाला.

"हं, आणि मुदतीत तू काय केलंस? विकलं म्हणून काय झालं, शेजारी तूच राहणार आहेस की. मी इथे असते तर घेतली असती." तिने माझ्याकडे पाहिलं. "एर्विनकाका, तुम्ही तरी सांगायचं त्याला. कोण येऊन राहणार आहे इथे?"

मी तोंड उघडलं.

"एर्विन, साखर घे," याकोब म्हणाला.

मी साखर घेत नाही. घेतली.

"एक कुटुंब आहे," याकोब तिला म्हणाला. "दोन मुलं आहेत त्यांना."

"चला, तुला सोबत तरी होईल," रेगुला म्हणाली आणि मुलांना हाक मारली. पाच पाचची बस गाठायची होती.

ती गेल्यावर मी त्याला म्हणालो, "अरे, सांगायचं होतंस. अजून फोन कर."

"काय सांगायचं? खांब उभे होते की."

"याकोब, ती वीस वर्षं लोझानला आहे. तिकडे..."

"तिकडेही खांब लावतात," तो म्हणाला आणि कप गोळा करू लागला.

मंगळवारी सेराइनाचा मला फोन आला. घर बांधायचं नाही, असं याकोबने तिला दोन ओळींचं पत्र पाठवलं होतं. तिने त्याला फोन लावला, त्याने "बरं आहे" म्हणून ठेवला. "त्याच्या एकट्यापुरतं लहान घर काढून देते म्हणावं, बैठं," ती म्हणाली. मी तसं सांगितलं. याकोब म्हणाला, "एकट्यापुरतं आहे माझ्याकडे."

त्या गुरुवारी तो कार्यालयात आला. परवानगीचं पत्र सहीसाठी माझ्या टेबलावरच होतं. त्याने अर्ज मागे घेण्याचा छापील कागद मागितला, खिडकीशी उभा राहूनच भरला आणि आत सरकवला. अक्षर नीट होतं, वेळापत्रकासारखं. कारणाच्या रकान्यात लिहिलं होतं, 'हरकत आली.'

"फाइलीत एकही हरकत नाही," मी म्हणालो. "असं लिहिलंस तर हरकतीचा प्रकार आणि तारीख लागेल."

त्याने कागद परत ओढला. प्रकाराच्या रकान्यात 'तोंडी' असं लिहिलं आणि पुढे त्या रविवारची तारीख घातली.

कागदावर तारीख नाही म्हणून मी लोकांना डोंगरावरच्या घरी परत पाठवलं आहे. तोंडी हरकत मी कधी घेतलेली नाही, मुदतीनंतरची तर नाहीच. मी शिक्का मारला आणि कागद फाइलीला लावला.

"खांब काढायला माणसं कधी पाठवशील?" मी विचारलं.

"पुढच्या गुरुवारी," तो म्हणाला. "दोन वीसला मोकळाच असतो."