वेळ: थोरल्याची ड्युटी

पटकथेत प्रत्येक सीनच्या डोक्यावर एक ओळ असते. सीन आतला की बाहेरचा, जागा कुठली आणि शेवटी वेळ. वेळ म्हणजे दिवस किंवा रात्र, फार तर सकाळ किंवा संध्याकाळ. हे मला कुणी शिकवलंच नव्हतं. नारपोलीत आमच्या कापड विणायच्या लूमच्या कारखान्यावरच्या खोलीत बसून मी पहिली पटकथा लिहिली आणि वेळेच्या जागी बिनधास्त लिहून टाकलं, 'थोरल्याची ड्युटी'. पुढच्या सीनला 'धाकट्याची ड्युटी'. मधूनमधून 'शिफ्ट बदलताना'. मला ते इतकं झकास वाटलं की स्वतःवरच खूश होऊन मी आईकडून दोनदा चहा उकळला.

गोष्ट दोन भावांची होती. दोघं बाहेरगावाहून आलेले कारीगर. एकाच कारखान्यात, त्याच लूमवर, एक दिवसा आणि एक रात्री. खोलीत खाट एकच. एक कामाला गेला की दुसरा तिच्यावर झोपतो. आठवडा संपला की शिफ्ट उलटते, दिवसाचा रात्री आणि रात्रीचा दिवसा. भेट होते ती फक्त शिफ्ट बदलताना, तीही लूमच्या खडखडाटात, हाताच्या खुणांनी. आमच्या गल्लीत अशा जोड्या कितीतरी, मी काही मोठा शोध लावला नव्हता. आणि कोणाची ड्युटी हे कळलं की खाटेवर कोण हेही कळलंच, म्हणून सीनमध्ये मी नुसतं लिहायचे, 'भाऊ झोपलाय'.

अंधेरीच्या एका कंपनीला गोष्ट आवडली. पण सहायक दिग्दर्शकाने माझ्या सगळ्या वेळांना लाल पेनने गोल केले होते. "मॅडम, लाइटवाल्याला मी काय सांगू? जरा थोरल्याची ड्युटी लावा म्हणून?" ऑफिस खो खो हसलं. मीही हसले, पण कानाच्या पाळ्या तापल्या होत्या. निर्माते मात्र गोड बोलणारे. म्हणाले, आठ दिवसांत नीट करून आणा, नाहीतर आमचे एक अनुभवी लेखक आहेत, ते बसतील. मग नाव त्यांचं आणि तुमचं. 'त्यांचं' आधी म्हणाले, हे मी बरोबर ऐकलं.

एरवी मी भांडायला कधी मागे नसते. पण त्या दिवशी नावाच्या भीतीने शेपूट घातली, खरं सांगते. ती गोष्ट माझी होती. तिच्यावर दुसऱ्याचं नाव बघण्यापेक्षा वेळा बदललेल्या परवडल्या. घरी येऊन पहिला आठवडा, दुसरा आठवडा बघत सगळीकडे दिवस आणि रात्र भरत बसले.

बाबा कारखान्यातून वर आले आणि एक पान उचलून वाचायला लागले. "ह्यो दिवस कोणाचा?"

"दिवस कोणाचा नसतो, बाबा. दिवस म्हणजे दिवस."

"आपल्याकडं असतोय की. नुसता दिवस लिवलास तर कोण कामावर हाय, कायच कळत न्हाय."

"तुला काय कळतंय सिनेमातलं?" मी फटकन बोलले. ते पान ठेवून खाली गेले. मला वाईट वाटलं, तरी पानं मी तशीच पाठवली.

पंधरा दिवसांनी अख्ख्या पटकथेचं वाचन होतं. दोन्ही नट, दिग्दर्शिका, निर्माते, आणि कोपऱ्यात एक फाइल घेऊन बसलेले ते अनुभवी लेखक. ते तिथे का आले होते हे मला कुणी सांगितलं नाही आणि मी विचारलं नाही. सहायकाने माझ्या नव्या वेळांवरून शूटिंगचं शेड्यूल बनवलं होतं. खोलीतले दिवसाचे सगळे सीन एकत्र, त्यात खाटेवर धाकटा. 'भाऊ झोपलाय' यातला भाऊ कोणता हे आता पानावर कुठेच नव्हतं, आणि त्याच्या हिशेबाने थोरला कायम दिवसा कामाला आणि धाकटा कायम रात्री.

विसाव्या सीनला धाकट्याचं काम करणारा नट अडला. "इथे मी खाटेवर आहे. पण याच दुपारी पुढच्या सीनमध्ये मी लूमवर डबा खातोय. मग खाटेवर कोण?"

सहायकाने पानं उलटली, परत उलटली. पुढे एका दुपारी तर थोरला खाटेवरून उठतो असं नावानिशी लिहिलेलं होतं, म्हणजे दोघंही खाटेवर निघाले आणि लूमवर कुणीच नाही. अनुभवी लेखकांनी चष्मा पुसला आणि खोलीत एखादी दुसरी खाट टाकता येईल, असं सुचवलं.

माझं डोकं सटकलं. दुसरी खाट टाकली तर गोष्टच उरत नाही! पिशवीतून जुनी प्रत काढली आणि दिग्दर्शिकेसमोर ठेवली. "ही वाचा. यात कोण झोपलंय आणि कोण जागं, सगळं वरच्या ओळीतच आहे."

ती वाचत गेली. मग तिने विचारलं, "शिफ्ट दर आठवड्याला उलटते?"

"हो. म्हणून दिवस लिहून भागत नाही. कुणाचा दिवस, ते लिहावं लागतं."

तिने नवी प्रत बाजूला सरकवली. सहायकाला म्हणाली, "शेड्यूल या प्रतीवरून कर. लाइटसाठी कंसात दिवस, रात्र लिही. पण ओळ हिचीच राहील." मग अनुभवी लेखकांकडे वळून म्हणाली, "सर, तुम्हाला उगाच त्रास दिला." त्यांनी फाइल मिटली. मला टेबलावर उभं राहून नाचावंसं वाटत होतं. मी नुसतं पाणी मागितलं.

सिनेमा तयार झाल्यावर आम्ही तो कारखान्यातच दाखवला, लूम बंद असतात त्या शुक्रवारी. दोन्ही शिफ्टचे कारीगर कापडाच्या ताग्यांवर दाटीवाटीने बसले. खुणांनी बोलणारे भाऊ आले तेव्हा सगळे त्याच खुणा करून ओरडत होते. बाबा दाराशी उभे राहून हसत होते. मी जाऊन म्हटलं, "बाबा, तूच बरोबर होतास." ते म्हणाले, "गप, बघू दे."

शेवटी नावांच्या पाट्या सुरू झाल्या. आई शाळेत फार गेलेली नाही, अक्षरं जुळवत वाचते. तिने माझा हात दाबला. "थांबव. मना वाचू दे."

मी थांबवलं. तिने पडद्याजवळ जाऊन बोट ठेवत माझं नाव वाचलं, मग त्याच्या वर बघितलं, खाली बघितलं.

"आणखी कोणाचं न्हाय ना?"

"न्हाय, आई. माझं एकटीचंच."