शेजारणीच्या दारातला कडू घास

मी आणि माझ्या बायकोनं मिळून केलेलं शेवटचं काम म्हणजे सहकारी सोसायटीच्या दुकानातले गहू निवडणं. दुष्काळाचं साल, गव्हात खडेच लई. ती सूप माझ्यापुढं सारायची आणि म्हणायची, "अवं, खडे टाकताय का गहू?" मला धड दिसत न्हाई हे तिला ठाऊक होतं. तरी सूप माझ्यापुढंच.

तेवढ्यात पोराचा व्हिडिओ फोन आला. पोरगा वीस वर्षं झाली अमेरिकेत हाय. तो का गेला तेही सांगतो. मागच्या एका दुष्काळात सोसायटीच्या चारा छावणीत आमची म्हैस होती. चारा जातो कुठं, असं मी सभेत विचारलं. दुसऱ्या दिवशी म्हैस छावणीबाहेर. मग मी भर सभेत हात जोडून माफी मागितली. कॉलेजात जाणारा पोरगा शेजारीच उभा होता. घरी येऊन म्हणाला, "जिथं माणसाला तोंड उघडता येतं, तिथंच राहीन." गेला. तिकडून सांगायचा, इथं शिपाईसुद्धा साहेबाला तोंडावर बोलतो. मी ते वडवणीच्या बाजारात ज्याला त्याला सांगायचो.

त्या सकाळी त्याचा चेहरा उतरलेला होता. लांबच्या एका मुलखात लढाई चालली होती. तिथली एक बाई त्याच्या शेजारच्या घरात राहते. आमची ही सहा महिने पोराकडं राहायला होती तेव्हा हिनं त्या बाईला भाकरी थापायला शिकवलेलं. एकीची भाषा दुसरीला कळायची न्हाई, तरी दोघी दिवसभर हसायच्या. त्या बाईचा भाऊ, भावजय, त्यांची लेकरं, सगळे एका बॉम्बखाली गेले. पोरानं मोबाईलवर सगळ्यांना दिसतील अशा दोन ओळी लिहिल्या, लेकरं मारू नका म्हणून. ऑफिसनं बोलावून त्या पुसायला लावल्या, वर माफी लिहून घेतली. आधीच्या एका लढाईत त्याच ऑफिसनं दारावर झेंडे लावले होते, मेणबत्त्या पेटवल्या होत्या. त्या लढाईत मेलेली माणसं दिसायला ऑफिसवाल्यांसारखी होती.

हिनं एवढंच विचारलं, "कडू घास नेलास का तिला?"

आमच्याकडं ज्याच्या घरचं माणूस जातं त्याची चूल पेटत न्हाई. शेजारी पिठलं-भाकरी घेऊन जातात, जवळ बसून चार घास खायला लावतात. तो कडू घास.

"आई, इथं कोण कुणाच्या दारात जातं ते बघतात. बिल्डिंगमधलं कुणीच गेलं नाही."

"कुणीच न्हाई? आरं, माणसं हायत का कोण?"

तिनं माझ्याकडं बघितलं. मी पोराला जा म्हणावं, म्हणून. मी मोबाईल घेतला आणि म्हणालो, "जाऊ नको लेका. नोकरी सांभाळ."

मी सभेत हात जोडले तेव्हा ती मला एका शब्दानं बोलली नव्हती. आता बोलली. "पोराला तुमच्यावानी करू नका." सूप उचललं आणि आत गेली.

दुपारी जेवायला आली न्हाई. मी दोनदा हाक मारली. फुगलीय, बसू दे, म्हणून ओट्यावरच बसलो. बसायला नको होतं. तिसऱ्यांदा आत गेलो तर भिंतीला टेकलेली, सगळं अंग घामानं भिजलेलं. जीपमध्ये तिचं डोकं माझ्या मांडीवर होतं. बीड यायच्या आधीच ती गेली. माझं चुकलं, हे म्हणायचं राहून गेलं.

सकाळी अंगणात माणसं जमली. लेक सासरहून यायची होती, तिच्यासाठी थांबलेली. मी गोठ्याकडं जाऊन पोराला फोन लावला. तिकडं आदली संध्याकाळ होती. तो रडत होता, तिकीट बघतोय म्हणाला.

"तिकीट मग बघ. आधी पिठलं कर."

"आबा?"

"नोकरी जाते तर जाऊ दे. कर म्हणलं ना."

त्याला येत नव्हतं. मी तरी कधी केलंय? पण पन्नास वर्षं तिच्या चुलीपुढं जेवलो होतो. आठवलं तसं सांगितलं. तेलात लसूण-मिरची टाक. पाणी ओत. उकळी आली की एका हातानं पीठ सोड, दुसऱ्या हातानं हाटत राहा. गुठळ्या झाल्या तर होऊ दे. लेक आली, तिरडी बांधून झाली, माणसं मला हाका मारायला लागली. मी फोन कानाला धरून तसाच उभा राहिलो. त्यानं शेजारच्या त्या बाईचं दार वाजवल्याचं ऐकलं, आणि मग फोन ठेवला.