दाराकडे पाहणारी पोरं

अनसिंगजवळच्या बंजारा तांड्यावर हिरीबाई राहायची. डिंक विकायला बाजारात जाऊन जाऊन तिला मराठी येऊ लागली होती. तांड्यावरच्या बाकीच्या बाया आपली गोरमाटी बोलीच बोलत. एका उन्हाळ्यात पटकीची साथ आली आणि कितीतरी घरांतल्या आया गेल्या. एकोणीसशे तीसच्या सुमाराची ही गोष्ट. त्याच पावसाळ्यात गावच्या मराठी शाळेने तांड्यावरची लहान पोरं बिगरीत घेतली.

थोड्याच दिवसांत गावात कुजबुज सुरू झाली. जानराव मास्तर फळ्यावर लिहून “आई” म्हणत, गावची पोरं मागोमाग “आई” म्हणत, आणि तांड्यावरची पोरं सगळीच्या सगळी वळून दाराकडे बघत. दारात कोणी नसे. सोमलाची पोर गोमती तर हसायची, बस्करावर सरकून शेजारी जागा करायची. तिची आई साथीत गेली होती. दुपारी अर्धी भाकर ती त्या रिकाम्या जागेवर ठेवायची. गावची पोरं त्या बाजूला बसेनात. एकाला ताप भरला, तेव्हा लोकांनी मास्तरांना गाठलं, आणि तांड्यावरची पोरं बाहेर लिंबाखाली बसू लागली. तिथंही आतून तो शब्द आला की त्यांच्या माना गाडवाटेकडे वळत.

सोमला घाबरून हिरीबाईकडे आला. दुसऱ्या दिवशी ती शाळेत गेली आणि पोरांमागे उभी राहिली. आतून आवाज आला, “आई.” तिची स्वतःचीच मान वळली.

ती तशीच वर्गात शिरली. “मास्तर, तुमी हे काय म्हणून राह्यले?”

“आई. काहून?”

“आमच्या बोलीत आयी म्हंजे आली. आईले आमी याडी म्हणतो. तुमी रोज या पोरायले सांगून राह्यले, आली, आली. मंग थे कुठं पायतीन?”

जानरावांनी खडू खाली ठेवला. मग म्हणाले, “पोरं आत आना. अन् बाई, तुमी बी बसा. मी सांगतो थे त्यायच्या बोलीत सांगा.”

हिरीबाईने पोरांना गोरमाटीत समजावलं. कोणी आलेलं नाही, याडीलाच इथं आई म्हणतात. एकेक पोर फळ्याकडे वळलं. काहींचे डोळे भरले. गोमतीने सगळं नीट ऐकून घेतलं, शेजारी पाहिलं आणि विचारलं, “मग ही कोण?”

भर दुपारी हिरीबाईच्या अंगावर काटा आला. बस्कर त्या जागी दबलेलं होतं, असं ती पुढे कायम सांगायची.

“बसू दे तिला,” ती म्हणाली. “तू पाटीवर काढ.”

गोमतीने पाटीवर आ काढला.

त्यानंतर कित्येक वर्षं हिरीबाई रोज बिगरीत बसली. तांड्यावरची पोरं पुन्हा बाहेर गेली नाहीत. हिरीबाई थकली तेव्हा तिचं काम गोमतीने घेतलं. नवं पोर आलं की गोमती आधी त्याच्या बोलीत त्याचं नाव विचारायची, आणि मग मराठीत.